लाट काठाकाठानं

२७ मार्च १९९३, शनिवार

आज बिअरच्या टपरीमागे एकानं माझं डोकं बर्फाच्या ढिगात दाबून धरलं आणि दुसरा बरगड्यांत लाथा घालत होता. कारण काय, तर मी रांगेत त्यांच्या पुढे होतो. आमच्या वोर्कुतात एवढ्यावर नुसती शिवी मिळते. चौथ्या लाथेनंतर लाथा थांबल्या. तोंडातला बर्फ थुंकून वर बघतो तर चामड्याच्या जाकिटातला एक लांब हातांचा माणूस त्या लाथवाल्याचं तोंड टपरीच्या पत्र्यावर आपटत होता. घाई नाही, राग नाही. तीन वेळा. पत्र्यावर दात लागल्याचा आवाज आला.

“ऊठ भावा, बर्फानं पोट भरत नाही,” तो म्हणाला.

त्याचं नाव ग्लेब. भंगाराचा धंदा करतो. मला दोन मग पाजले आणि शांतपणे माझं ऐकून घेतलं. असं ऐकणारा माणूस मला या गावात पहिल्यांदाच भेटला. मी त्याला सगळं सांगितलं: वेल्डिंगची शाळा अर्ध्यात सोडली, निघालो होतो कामचाटकाला मासेमारीच्या बोटीवर, बस इथे बंद पडली म्हणून इथला झालो. पाच महिने झाले. कामचाटका अजून तिथेच आहे, पळून जात नाही.

बरगडी दुखते. मोडली नसावी.

३० मार्च

ही चौकटीची वही बाईंनी दिली. म्हणाल्या, “रोज लिही. तुझं डोकं चिमणीसारखं आहे, एका फांदीवर बसत नाही.” बाई म्हणजे किरा गेन्रिखोव्हना, इथल्या भौतिकशास्त्राच्या संस्थेत मी तिच्या हाताखाली पडेल ते काम करतो. मी तिला तोंडावर पूर्ण नावानंच हाक मारतो, पण एवढं लांब नाव रोज कोण लिहिणार?

बाई इलेक्ट्रॉनच्या लाटा मोजते. लाटा म्हणजे समुद्राच्या नव्हेत. एक चकती आहे, शर्टाच्या बटणाएवढी, स्फटिकाची. तिच्यात इलेक्ट्रॉनचा एकच पातळ थर आहे, वर नाही, खाली नाही, सायीसारखा. ती चकती चुंबकाच्या पोटात ठेवायची. चुंबक म्हणजे तारेची जाडजूड गुंडाळी, आणि ती गुंडाळी द्रव हीलियमच्या थर्मासमध्ये बुडवलेली. हा थर्मास माझ्या छातीएवढा उंच, पोलादी, तळघरात एका खड्ड्यात उभा आहे. त्याच्या मानेभोवती लाकडी माळा बांधलाय. माळ्यावर उभं राहिलं की डोकं छताला लागतं.

बाई म्हणते, चुंबकात गेलं की चकतीच्या मधले इलेक्ट्रॉन जागच्या जागी गिरक्या घेत बसतात. काठावरच्याला गिरकी पुरी करायला जागाच नाही, तो कडेला आपटतो आणि पुढे सरकतो, पुन्हा आपटतो, पुन्हा पुढे. मग काठावर एका ठिकाणी धक्का दिला की सगळ्यांचा मिळून एक फुगवटा होतो आणि तो काठाकाठानं निघतो.

“एकटा कुणी धावत नाही, मकार. गर्दी धावते,” बाई म्हणाली. “आणि एकाच दिशेनं. मागे वळणं नाही, मधून आडवं जाणं नाही. काठ चेपलेला असला तर चेपलेल्या काठानं जाते, पण जाते.”

“आणि उलट जायचं असेल तर?”

“चुंबक उलटं करायचं.”

मला टपरीमागची गर्दी आठवली.

तिला दोन्ही दिशा मोजायच्यात. एक सुलटी, एक उलटी. दोन्ही मोजल्या तरच सिद्ध होतं, नाहीतर लोक म्हणणार तुमची चकतीच वाकडी. चौदा वर्षं ती या चकत्यांच्या मागे आहे. संस्थेतले अर्धे लोक परदेशी गेले, उरलेले बाजारात मोजे विकतात. बाई आणि पोर्फिरीकाका तेवढे उरलेत. आणि मी.

पोर्फिरीकाका शेडमध्ये हीलियम द्रव करतो. सहासष्ट वर्षांचा आहे, डाव्या कानानं बहिरा. बाईच्या नवऱ्याचा दोस्त होता. नवरा मेल्यावर दर रविवारी तिच्याकडे येऊन नळ दुरुस्त करतो. बाईच्या घरात एवढे नळ कुठून आले कोण जाणे.

५ एप्रिल

आज जंगलाच्या रस्त्यावर एल्क, घोड्याएवढा सांबरासारखा प्राणी, दिसला, अगदी बसथांब्याजवळ, माणसासारखा बसची वाट बघत उभा. मी आणि ग्लेब तासभर त्याच्या मागे गेलो. ग्लेबकडे बंदूक नव्हती, नाहीतर मारला असता. परत येताना त्यानं हीलियम कसं करतात ते विचारलं. मी शेड सांगितली, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी सांगितली. “किती असेल रे तांबं?” म्हणाला. मी म्हटलं, दोन माणसांना उचलणार नाही एवढं.

पोर्फिरीकाका साडेबारा ते दीड शेडमध्ये एकटा असतो, खारवलेला मासा खातो, रेडिओ मोठ्यानं लावतो, हेही सांगितलं. कसल्या ओघात ते आठवत नाही. बहुतेक माशावरून विषय निघाला असावा. ग्लेबला खारवलेला ब्रीम फार आवडतो.

९ एप्रिल

लिहिता येत नाही. तरी लिहितो.

पावणेदोनला बाईनं मला शेडकडे पाठवलं, हीलियम किती भरलं ते विचारायला. शेडचं दार उघडं होतं, रेडिओ चालू होता. काका यंत्राला टेकून बसला होता, मला वाटलं डुलकी लागली. जवळ गेलो तर त्याच्या कपाळाला खड्डा होता. आणि हात. त्यानं नळी सोडली नव्हती म्हणून त्यांनी हातोडीनं एकेक बोट ठेचलं होतं. उजव्या हाताची पाचही. डाव्याची तीन, मग बहुतेक त्यानं सोडली. वेटोळी कापून नेली होती. करवतीनं पडलेला तांब्याचा भुसा जमिनीवर लालसर चमकत होता, त्यात रक्त मिसळून चिखल झाला होता.

तो जिवंत होता. मला बघून म्हणाला, “रेडिओ बंद कर.”

मी रेडिओ बंद केला. मग बाहेर जाऊन ओकलो.

१० एप्रिल

पोलीस आले. एकानं काकाचा अर्धा राहिलेला मासा कागदात गुंडाळून खिशात घातला.

ग्लेबला शोधलं, बोलावंसं वाटत होतं. टपरीवर म्हणाले, तो चार दिवसांपासून मॉस्कोला आहे.

१६ एप्रिल

काका परवा गेला. शुद्धीवर परत आलाच नाही. आज पुरला. जमीन वरून सैल झालीय, पण खाली अजून गोठलेली, म्हणून खणणाऱ्यांनी पहारी आणल्या. पहार आपटली की ठिणगी पडायची. शवपेटीत काकाच्या हातांवर पांढरं कापड टाकलं होतं, नंतर वाऱ्यानं ते उडालं तर कुणी परत घालेना. शेवटी बाईनं घातलं. तिनं ते बोटांभोवती नीट खोचलं, जसं पोराला पांघरूण घालतात.

बाईच्या घरी जेवण झालं. बकव्हीटचा भात, मिठातली काकडी, प्रयोगशाळेतला स्पिरिट पाणी घालून. काकाच्या नावाचा एक पेला भरून त्यावर पावाचा तुकडा ठेवला. सगळे गेल्यावर मी भांडी विसळत होतो. बाई दारात उभी राहून म्हणाली:

“मकार. शेडमधलं तांबं. पोर्फिरी दुपारी एकटा असतो. हे तू कुणाला सांगितलं होतंस?”

“कुणालाच नाही.”

“नीट आठव.”

“म्हणजे ग्लेबला म्हटलं होतं, पण तो दोस्त आहे माझा. त्यानं मला मारापासून वाचवलं. तो तर तेव्हा मॉस्कोला होता.”

तिनं माझ्या हातातल्या ताटलीकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. म्हणाली, “ती ताटली पुसून झाली. दुसरी घे.”

१७ एप्रिल

हिशेब साधा आहे. वेटोळी गेल्यामुळे यापुढे हीलियम होणार नाही. साठवणीच्या थर्मासमध्ये आहे तेवढंच. बाईनं काठी बुडवून मोजलं: बरोबर दोन वेळचं. एकदा सुलटी दिशा, एकदा उलटी. त्यानंतर ते चुंबक म्हणजे नुसतं लोखंड आणि तार.

एक लीटर सांडलं तरी ती दोन दिवस बोलत नाही. एकदा माझ्या हातून नळी निसटली होती, तेव्हा तिनं मला चक्क पायात लाथ घातली होती. ती चाळीस किलोची, मी ऐंशी. तरी लागली.

२२ एप्रिल

आज झालं! सुलटी दिशा झाली!

सकाळी सातपासून. आधी नायट्रोजन, मग हीलियम. चकतीला काठावर तीन तारा लावलेल्या, घड्याळातल्या बारा, चार आणि आठच्या जागी. बारावर धक्का द्यायचा आणि चारवर, आठवर काय पोचतं ते पडद्यावर बघायचं. चुंबक चढवायला, म्हणजे गुंडाळीतला करंट वाढवायला, सुरुवात केली. पहिल्यांदा दोन्हीकडे काहीतरी बुळबुळीत उंचवटा, लगेच विरणारा. चुंबक वाढवत गेलो तसा आठवरचा मेला आणि चारवरचा टोकदार झाला. अजून वाढवलं. लाट सावकाश झाली, पण मरेना! चारवर आली, मग आठवर आली, मग फिरून परत बारावर आली, आणि दुसरी फेरी सुरू.

“बघ, किती जगते,” बाई म्हणाली. “जेवढं दाबू तेवढी हळू चालते आणि तेवढी जास्त जगते.”

मी ओरडलो, तिला उचलून गोल फिरवलं. ती म्हणाली, “खाली ठेव, मूर्खा, चष्मा पडेल.” मग म्हणाली, “पोर्फिरी असता तर म्हणाला असता, एवढ्या हीलियममध्ये मी सगळं गाव गोठवलं असतं.” आणि हसली. हसणं थांबलं तरी तोंड तसंच राहिलं होतं.

उलटी दिशा मेच्या सुटीनंतर.

२४ एप्रिल

ग्लेब आला. कपाळावर टाके आहेत, मॉस्कोत कुणाशी तरी वाजलं. काकाबद्दल त्याला वाईट वाटलं, त्यानं टोपी काढली. त्याच्यासोबत एक माणूस होता, सगळे घण्या म्हणतात. मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. टपरीवर एका कुत्र्यानं त्याच्या बुटाला हुंगलं, तर त्यानं वाकून, अगदी प्रेमानं, त्याची मान धरली आणि पिरगाळली. मग बिअर प्यायला लागला. मी अर्धा मग तसाच टाकून उठलो. ग्लेब मागून म्हणाला, “त्याचं मनावर घेऊ नकोस भावा, लहानपणी डोक्यावर पडलाय.”

पावाच्या टपरीवरच्या ओलेस्याचे दोन पुढचे दात एकमेकांवर चढलेले आहेत. ती हसताना तोंडावर हात ठेवते. सांगायला पाहिजे तिला, ठेवू नकोस.

२८ एप्रिल

बाई आज फार बोलकी. तिचा हा स्वभाव नव्हे. म्हणाली, सुटीत पहिली ते पाच संस्थेची वीज तोडणार आहेत. चुंबक म्हणजे वीज, वीज गेली की सगळं मेलं, कुणी बोट लावलं तरी काही होणार नाही. मी चुंबक उतरवते. हीलियम काढून ठेवते. नुसती थंड गुंडाळी राहील. दोनशे किलो तांबं आणि वर ती महागडी तार. “मला त्याचीच काळजी वाटते,” म्हणाली. “कुलूप पण धड नाही. आणि सगळे बटाटे लावायला जाणार. तू पण ये माझ्यासोबत.”

“येतो की.”

मग एकदम म्हणाली, “तळघरात कधी मोठा आवाज झाला, पांढरं धुकं आलं, तर काय करायचं?”

“पळायचं.”

“नाही!” तिनं टेबलावर हात आपटला. “हीलियम हलकं. वर चढतं, वरून भरत येतं. जिना चढू नकोस. जमिनीवर पालथं पडायचं, तोंड मोरीच्या भोकाशी. म्हण.”

“जमिनीवर पालथं, तोंड मोरीशी. पण तुम्ही तर हीलियम काढून ठेवणार ना?”

“म्हण पुन्हा.”

तीनदा म्हणवून घेतलं. शाळेतल्यासारखं. वय झालं की माणसं अशी घोकतात.

२९ एप्रिल

ग्लेबला भेटलो. घण्या नव्हता, बरं वाटलं. ग्लेबला बाईची काळजी सांगितली, वीज जाणार, कुलूप मोडकं वगैरे. तो म्हणाला, “वीज गेली की तार म्हणजे नुसतं तांबं. आमच्या धंद्यात पहिला धडा तो. दिवा विझला की कापायला घ्यायचं.” गेल्या वर्षी त्यांच्यातला एकजण चालू तारेवर चढला होता, कोळसा होऊन खाली पडला. तेव्हापासून ग्लेब दिवा बघितल्याशिवाय कशालाच हात लावत नाही. शिस्तीचा माणूस आहे.

३० एप्रिल

बाईनं मला पाव आणायला पाठवलं, परत आलो तर चुंबक उतरवून झालं होतं. थर्मासला चुंबक चढवायची केबलच नव्हती, बाजूला गुंडाळून ठेवली होती. पण गंमत म्हणजे थर्माससमोरून जाताना खिशातल्या किल्ल्या त्याच्याकडे ओढल्या गेल्या, खिसाच ताणला. बाईला दाखवलं. “उरलेलं असतं थोडं,” म्हणाली. तळघरातली हवा बाहेर काढणाऱ्या पंख्याची फ्यूज काढून पर्समध्ये टाकत होती, म्हणाली, चोरतील. फ्यूज कोण चोरतं?

उद्या सकाळी आठला बसस्टँडवर भेटायचं ठरलं. बटाटे.

५ मे, इस्पितळ

डाव्या हातानं लिहितोय, उजवा बांधलाय.

पहिल्या तारखेला बसस्टँडवर जात होतो, पण ओलेस्यानं टपरी बंद ठेवली होती आणि ती तळ्यावर चालली होती, म्हणून मीही गेलो. बटाटे काय, तीन दिवस लावतात. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी अकराला तळ्यावरून परत येत होतो. ऊन होतं, गावात चिटपाखरू नाही, सगळे शेतांवर. संस्थेच्या फाटकाशी व्हॅन उभी. ग्लेब, घण्या आणि गाडीत बसलेला घण्याचा भाऊ.

“बरं झालं भेटलास भावा,” ग्लेब म्हणाला. “चल, तळघर दाखव.”

मी म्हटलं, नको. ग्लेब, नको, बाईचं आहे ते. तो हसलाच. घण्यानं माझ्या पोटात बुक्की मारली. मी खाली बसलो, तर त्यानं केसांना धरून उचललं आणि कपाळ व्हॅनच्या दारावर आपटलं. एकदा, दोनदा. मला ग्लेबचे बूट दिसत होते. ते हलले नाहीत.

“दोस्ताला मारताय?” मी म्हटलं. खरंच असं म्हटलं. आठवून आता लाज वाटते.

“दोस्त आहेस म्हणून हळू मारतोय तो,” ग्लेब म्हणाला.

कुलूप त्यांनी पहारीच्या एका झटक्यात उडवलं. ग्लेबनं आधी दिव्याचं बटण दाबून बघितलं. दिवा लागला नाही. दोनदा दाबलं. मग खूश झाला. दार आतल्या बाजूला उघडतं, लोखंडी, चौदा पायऱ्यांवर. घण्याचा भाऊ गाडीतच थांबला, आम्ही आत गेल्यावर ग्लेबनं आतून कडी घातली, कुणी येऊ नये म्हणून. टॉर्च लावले.

मला तेव्हाच किल्ल्या आठवायला पाहिजे होत्या. पण मी कपाळावरचं रक्त पुसत होतो.

घण्या पहार घेऊन थर्मासकडे गेला. दोन पावलांवर असताना पहारीचं टोक आपोआप वळलं. तो थांबला. मग अजून एक पाऊल टाकलं आणि पहार त्याच्या हातातून सुटून थर्मासच्या पोटावर धाडकन आपटली, तिथेच चिकटली. घण्याचा अंगठा मधे सापडला होता. हाड मोडल्याचा आवाज आला. तो बैलासारखा ओरडला. दुसऱ्या हातानं ओढतोय, पाय लावून ओढतोय, पहार हलेना.

“अरे हे तर जिवंत आहे!” ग्लेब म्हणाला. “मकार, साल्या, वीज नाही ना?”

“नाही वीज,” मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच आठवलं, वर्षाच्या सुरुवातीला बाईनं सांगितलं होतं ते: द्रव हीलियममध्ये तारेला अडथळाच उरत नाही. एकदा करंट सोडून टोकं जोडली की केबल काढा, वीज तोडा, तो आत गोल गोल फिरत राहतो, वर्षभरसुद्धा.

मी ते सांगितलं असतं. पण घण्याचा अंगठा सुटला होता, पहारीखाली अर्धा राहिला होता, आणि त्याला राग आला होता. त्यानं कंबरेची कुऱ्हाड काढली, माळ्यावर चढला, आणि थर्मासच्या मानेवर घाव घातला. कुऱ्हाड तिरपी झाली, ओढली गेली, तरी त्यानं दुसरा घाव घातला. तिसऱ्याला मान फुटली.

आधी शिट्टी. मग असा आवाज की जमीन हलली. आतली गुंडाळी तापली आणि सगळं हीलियम एका क्षणात उकळलं. माळ्याच्या फळ्या उडाल्या. पांढरं धुकं छताला आपटून भिंतींवरून खाली यायला लागलं. थंडी नाही, चाकू. माझा हात वर होता, तो बधिर झाला, कानाला काहीतरी चावलं.

आणि घण्या ओरडत होता. पण आवाज त्याचा नव्हता. चार वर्षांच्या पोरीसारखा, बारीक, किनरा. हीलियममध्ये आवाज तसा होतो. “आई गं, आई गं,” असा. एवढा मोठा माणूस. दोन श्वासांत तो थांबला आणि माळ्यावरून डोक्यावर पडला.

ग्लेब जिन्याकडे पळाला. मी ओरडलो, “वर नको! खाली पड!” माझाही आवाज बदकासारखा. तो थांबला नाही. धुक्यात त्याचे पाय दिसेनासे झाले. कडी काढल्याचा आवाज आला, मग दार ओढल्याचा. पण आत एवढा दाब झाला होता की आतल्या बाजूला उघडणारं दार हत्तीलाही उघडलं नसतं. त्यानं दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा त्याच्या नखांचा आवाज आला. मग काहीतरी पायऱ्यांवरून गडगडत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं.

मी पालथा पडलो होतो, तोंड मोरीच्या भोकात. मोरीतल्या वासाएवढं गोड काही मी आयुष्यात हुंगलं नाही.

किती वेळ ते माहीत नाही. मग दारावर बाहेरून कुणीतरी लाथा मारत होतं, छोट्या छोट्या, मग दार उघडलं, ऊन आलं. बाई. तिनं खाली बघितलं, मला बघितलं, मी हात हलवला. ती पायरीवरच बसली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी शवपेटीजवळही ऐकला नव्हता.

“तुला बसस्टँडवर यायला सांगितलं होतं!” ती ओरडत होती. “आठला! आठला सांगितलं होतं!”

बटाट्यांवरून एवढ्या लवकर कशी आली कोण जाणे. बारा किलोमीटर आहे. बुटांना मातीचा कण नव्हता. स्वच्छ बाई आहे, खरंच.

८ मे

डॉक्टर म्हणतो, दोन बोटं जातील, करंगळी आणि तिच्या शेजारचं. कान राहील.

आज तपासनीस आला, रिबाल्को नावाचा, घामाघूम, उद्याच्या विजयदिनाच्या परेडमुळे वैतागलेला. ग्लेबचा आणि घण्याचा प्रश्न त्याला फारसा नव्हता. “दोन कमी झाले, मी रडणार नाही,” म्हणाला. पण कागद पुरा करायला पाहिजे. मुद्दा एकच: चुंबक चालू ठेवून, हीलियम भरून, तळघर बंद करून जाणं हा निष्काळजीपणा आहे की नाही. असेल तर किरा गेन्रिखोव्हनावर कलम लागतं, पाच वर्षांपर्यंत.

“चोरांना कुणी सांगितलं, वीज नाही, तांबं मोकळं आहे, चुंबक मेलंय?” त्यानं विचारलं.

“मी.”

“आणि तुला कुणी सांगितलं?”

मी खिडकीबाहेर बघितलं. इस्पितळाच्या आवारात दोन कावळे एका पावाच्या कडेवरून भांडत होते. मला वाटलं, म्हातारी विसरली. चुंबक उतरवते म्हणाली आणि विसरली, हीलियम काढते म्हणाली आणि विसरली, वय आहे, आणि काका गेल्यापासून तर ती जेवायचीही विसरते. विसरल्याबद्दल पाच वर्षं?

“कुणी नाही,” मी म्हटलं. “मीच ठरवलं. चुंबक मलाच उतरवायला सांगितलं होतं, हीलियम पण मलाच काढायचं होतं. मी ओलेस्याबरोबर तळ्यावर गेलो. राहून गेलं. बाईंना माहीतच नव्हतं.”

रिबाल्कोनं माझ्याकडे असं बघितलं जसं कुत्रं मेल्यावर मी घण्याकडे बघितलं होतं. मग लिहून घेतलं. “तुझ्यासारख्यांना मी लेबरलाही ठेवलं नसतं,” म्हणाला. “चोरांनी तोडफोड केली, अपघात झाला. सही कर. आणि गावातून जा. घण्याचा भाऊ तुला विचारत फिरतोय, त्याला वाटतं तू त्यांना सापळ्यात नेलंस.”

मी डाव्या हातानं सही केली. मुलानं काढलेल्या बदकासारखी झाली.

बाई बाहेर बाकावर बसली होती. रिबाल्को तिला जाता जाता म्हणाला, “तुमच्या माणसानं कबूल केलं, बाई. राहून गेलं म्हणतो त्याच्याकडून. तुम्ही मोकळ्या.”

तो जिना उतरेपर्यंत ती हलली नाही. मग उठली, माझ्यासमोर आली, आणि मला खाडकन थोबाडीत मारली. चाळीस किलोची बाई, पण माझं डोकं दाराच्या चौकटीला लागलं.

“किरा गेन्रिखोव्हना! मी तुमच्यासाठी—”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “गप्प बस.”

मग माझ्या जाकिटाचं वरचं बटण लावलं, कारण मला एका हातानं लागत नव्हतं. म्हणाली, बस पावणेचारला आहे. व्होलोग्दापर्यंत थांबू नकोस.

“आणि उलटी दिशा?” मी विचारलं.

“हीलियम कुठे आहे आता?” ती म्हणाली. “अर्धंच छापीन. लोक म्हणतील चकती वाकडी होती. म्हणू देत.”

बस आली तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो. ती थांब्यावर उभी होती, पर्स दोन्ही हातांनी धरून, बस वळेपर्यंत. मी अजून विचार करतोय: एक लीटर सांडलं तर लाथ घालणारी बाई, शेवटचं सगळं हीलियम सुटीभर तसंच ठेवून विसरतेच कशी? आणि मार मला का? डाव्या कानाला अजून काही कळत नाही, पण गाल यारोस्लाव्हलपर्यंत तापत होता.